विहिरींच्या नकाशाला आपोआप रंग कसे द्यायचे?

पाणंद
नमस्कार मंडळी.
संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव. निम्म्या वाड्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, निम्म्या खाली पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाला. गावातल्या विहिरी, झरे, पाणवठे मोबाइलवर टिपून घेतलेत, शंभरावर ठिकाणं झाली. प्रत्येकाची तक्त्यात एक ओळ: वाडी, खोली, बांधीव की कच्ची, खाजगी की सार्वजनिक, पाणी कधी आटतं, प्यायला चालतं का. क्यूजीआयएसमध्ये (नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ठिपके दिसतात, पण सगळे एकाच रंगाचे. म्हणून मी 'लवकर आटणाऱ्या', 'उशिरा आटणाऱ्या' असे वेगवेगळे लेयर (नकाशाचे थर) करून ठिपके हाताने इकडून तिकडे हलवतोय. पुतण्या नवीन माहिती घेऊन आला की पुन्हा तेच.

तक्त्यात नोंद बदलली की नकाशावरचा रंग आपोआप बदलेल असं काही करता येतं का? आणि रंग किती, कुठले, हे कशावरून ठरवायचं? नकाशा ग्रामसभेत भिंतीवर लावायचाय, पावसाळ्याआधी.

जीआयएसवाला
करता येतं, आणि हाताने रंगवण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. सगळे ठिपके परत एका लेयरमध्ये आणा. लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिम्बॉलॉजी उघडा. वर 'सिंगल सिम्बॉल' दिसेल, सगळी गंमत तिथे आहे.

शब्दांचा स्तंभ असेल (बांधीव/कच्ची) तर कॅटेगराइज्ड. आकड्यांचा असेल (खोली) तर ग्रॅज्युएटेड. आणि "सार्वजनिक आहे, शिवाय मेपर्यंत टिकते" अशी अट घालायची असेल तर रूल-बेस्ड. स्तंभ निवडा, क्लासिफाय दाबा. पुढे तक्त्यात नोंद बदलली की ठिपका आपोआप नव्या रंगात. मात्र शब्दांच्या स्तंभात एखादा नवाच शब्द आला तर तो 'ऑल अदर व्हॅल्यूज'च्या रंगात जाईल, त्यावर लक्ष ठेवा.

शेवंड
बाबानू, आमच्या बावीक बारा म्हयने पाणी आसता. तिका खयचो रंग देतलास?

जीआयएसवाला
निळा.

शेवंड
निळो तर समुद्र आसा मा आधीच! बाव दिसतली कशी?

सुरंगी
शेवंड हसवतायत, पण मुद्दा खरा आहे. मागे सॅटेलाइट किंवा गडद पार्श्वभूमी ठेवली की कुठलाच रंग धड दिसत नाही. पार्श्वभूमी फिकट राखाडी करा, नद्या-खाडी अगदी पुसट. ठिपक्याला बारीक पांढरी कड द्या. अर्धं भांडण तिथेच मिटतं.

पाणंद
धन्यवाद जीआयएसवाला. बांधीव/कच्ची लगेच जमलं. पण ग्रॅज्युएटेड निवडलं की यादीत 'खोली' हा स्तंभच दिसत नाही. आकडेच तर आहेत त्यात!

रातांबा
आकडे देवनागरीत टाइप केलेत ना? ९, १२, १४ असे? आपण वाचतो तो आकडा, क्यूजीआयएसला ती अक्षरं. एक जरी नोंद तशी असली तरी अख्खा स्तंभ मजकूर म्हणून वाचला जातो आणि ग्रॅज्युएटेडच्या यादीतून गायब होतो. "९ फूट", "१२ हात" लिहिलं असेल तरी तेच. तक्त्यात इंग्रजी आकडे टाका, एकक स्तंभाच्या नावात ठेवा. नकाशावरच्या लेबलात हवे तर मराठी आकडे दाखवता येतात.

दुसरं, शेपफाइल या जुन्या फाइल-प्रकारात सेव्ह करत असाल तर थांबा. तिच्यात स्तंभाच्या नावाला दहाच बाइट मिळतात, आणि देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइट खातं, काना-मात्राही वेगळी मोजतात. 'आटण्याचा काळ'चं 'आटण' होऊन बसतं. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइल-प्रकार वापरा.

उंडी
'आटण'! आमच्या आजीला आवडलं असतं हे नाव.

पाणंद
रातांबा, दंडवत! नेमकं तेच होतं. खोली आली यादीत.
आता खरी पंचाईत 'पाणी कधी आटतं' या स्तंभाची. लोकांनी जशी उत्तरं दिली तशी पुतण्याने लिहून घेतली. "शिमग्याला", "शिमग्यात", "होळीनंतर", "पाडव्यापर्यंत असतं", "मे", "मे महिना", "अक्षय तृतीयेला तळ दिसतो", "आटत नाही", "म्हाताऱ्याला विचारा". कॅटेगराइज्ड केल्यावर सव्वीस रंग आले. होळीला एक आणि शिमग्याला दुसरा.

शेवंड
"म्हाताऱ्याला विचारा" ह्येका खयचो रंग इलो?

पाणंद
गुलाबी.

जीआयएसवाला
म्हणूनच सर्व्हेच्या वेळी उत्तरांची यादी आधी ठरवून फॉर्ममध्ये द्यायची असते. आता महिन्याचा आकडा असा नवा स्तंभ करा. होळी, शिमगा म्हणजे ३, पाडवा ४, मे ५. मग ग्रॅज्युएटेड लावा, मोड नॅचरल ब्रेक्स. ही जेंक्स नावाच्या अमेरिकन नकाशाकाराची पद्धत. एका गटातल्या किमती एकमेकींच्या जवळ राहतील आणि गटागटांत फरक जास्तीत जास्त पडेल अशा जागी ती रेघ मारते. इक्वल इंटरव्हलपेक्षा, म्हणजे सारख्या अंतरावर गट पाडण्यापेक्षा, बरी.

सडेकर
इथे थोडं अडतं.

एक म्हणजे, डिसेंबरातच आटणारी एखादी कच्ची विहीर सड्यावर हमखास असते. तिचा आकडा १२. मेची ५. रंगपट्टीवर डिसेंबरवाली सगळ्यात टिकाऊ ठरणार! महिने जानेवारीपासून मोजूच नका, पाऊस संपल्यापासून मोजा. ऑक्टोबर १, डिसेंबर ३, मार्च ६, मे ८. बारमाहीला वेगळी नोंद.

दुसरं, शिमगा म्हणजे मार्च, पाडवा म्हणजे एप्रिल असं सरसकट करता येत नाही. २०२३ मध्ये पाडवा २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला. अठरा दिवसांचा फरक, आणि त्या दिवसांत अठरा दिवस म्हणजे विहिरीत पाणी आहे आणि नाही एवढा फरक.

आणि तिसरं म्हणजे ते जेंक्स. गटांच्या सीमा आकडेवारीतून काढायच्या, म्हणजे पुढच्या वर्षी आकडे बदलले आणि पुन्हा क्लासिफाय दाबलं की सीमाही सरकणार. औंदा लाल असलेली विहीर पुढच्या वर्षी पिवळी झाली, तर ती सुधारली की बाकीच्या बिघडल्या? ग्रामसभेत कोणी विचारलं तर काय सांगणार?

जीआयएसवाला
डिसेंबरचा मुद्दा मान्य, अगदी बरोबर. सीमांचं तितकंसं नाही. हाताने ठरवलेल्या सीमा म्हणजे करणाऱ्याची मर्जी. सांख्यिकी पद्धतीला निदान कुणाची बाजू नसते.

वाशिष्ठी
हवामान खातं काय करतं बघा. चोवीस तासांत ६४.५ मिमी झाला की 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार', २०४.४ च्या वर गेला की 'अत्यंत जोरदार'. सीमा वर्षानुवर्षं त्याच. म्हणून तर कालचा नकाशा आणि आजचा नकाशा शेजारी ठेवता येतो. मी जुलैतल्या एका दिवसाचे आकडे क्वांटाइलने रंगवून बघितले होते. क्वांटाइल प्रत्येक गटात सारखी संख्या कोंबतं. सगळीकडे मुसळधार असलेल्या दिवशीही त्यात एक पंचमांश ठिकाणं फिकट दिसली, जणू तिथे ऊनच पडलंय.

उलट त्याच ठरीव सीमांनी कोकणातला जुलै रंगवला तर कधीकधी अख्खा नकाशा एका रंगात येतो. पण तेच खरं असतं त्या दिवशी.

मुंबईचा_चाकरमानी
वाचतोय. समजत काही नाही, पण छान चाललंय.

आगोटी
रंगांवरून आठवलं. आमच्याकडे एकाने हौसेने वाड्यांचा नकाशा केला होता, वरच्या वाडीला भगवा, खालच्या वाडीला हिरवा. त्याच्या मनात काही नव्हतं, सॉफ्टवेअरने दिले ते रंग. निवडणुकीचे दिवस. नकाशा संध्याकाळपर्यंत भिंतीवर टिकला नाही.

उंडी
=)) =))
निळा घेतला असता तरी कुणीतरी आलंच असतं.

सुरंगी
हसण्यावारी नेऊ नका, रँडम कलर्स हा पर्याय याचसाठी धोक्याचा. 'आधी आटते, नंतर आटते' हा क्रम आहे. क्रमाला एकाच रंगाच्या चढत्या छटा हव्यात, फिकट ते गडद. वेगवेगळे रंग फक्त तिथे जिथे क्रम नाही, म्हणजे विहीर, झरा, टाकी. सिंथिया ब्रूअर या अमेरिकन भूगोलतज्ज्ञ बाईंनी कलरब्रूअर म्हणून रंगपट्ट्यांचा संच केलाय, तो क्यूजीआयएसमध्ये आयताच असतो. त्यांच्या संकेतस्थळावर 'झेरॉक्समध्ये टिकतील अशाच पट्ट्या दाखवा' अशी चाळणीसुद्धा आहे. ग्रामपंचायतीत रंगीत प्रिंट एकच निघणार आणि वाटल्या जाणार झेरॉक्स, त्यामुळे हे आधी बघा.

आणि लाल-हिरवा शक्यतो नको. दहा-पंधरा पुरुष बसलेत तिथे एखाद्याला तरी तो फरक दिसत नसण्याची शक्यता असते, आणि तो ते सांगणार नाही. क्यूजीआयएसच्या व्ह्यू मेनूत प्रिव्ह्यू मोड आहे. त्यात ग्रेस्केल निवडलं की पडदा करडा होतो, रंगांधळेपणही निवडता येतं. माझ्या एका नकाशात लाल आणि हिरवा, दोन्ही तंतोतंत एकाच करड्या रंगाचे निघाले होते.

पाणंद
सुरंगीताई, आत्ताच करून बघितलं. माझा 'लवकर आटणारी' लाल आणि 'बारमाही' हिरवा झेरॉक्समध्ये जुळी भावंडं!

टोपोशीट४७जी
नवीन मंडळींनी शोधलेलं वाटतंय, पण तक्त्यानुसार खूण बदलणं सर्व्हे ऑफ इंडियावाले हाताने करत आलेत. त्यांचं जुनं टोपोशीट (छापील भूनकाशा) काढा. बारमाही पाणी निळं, पावसाळ्यापुरता ओढा काळा. बांधीव विहिरीची खूण वेगळी, कच्चीची वेगळी. सड्यावरून उतरणारे सगळे पऱ्हे काळे आणि खाली कुठेतरी एकदम निळी रेघ सुरू होते. ती जागा बघून ठेवा. जांभ्यातून मुरलेलं पाणी खालच्या चिकणमातीच्या थराला अडतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. पाणंद, तुमचे बारमाही ठिपके तशा कडेवर एका रांगेत येतायत का, तेवढं बघून सांगा.

पाणंद
रांगेत म्हणजे... हो की! पाच झरे जवळजवळ एकाच उंचीवर आहेत. कंटूर (समान उंचीच्या रेषा) टाकून बघितलं. हे गावात कुणी कधी बोललं नव्हतं.

सडेकर
बोलले असतील, आपण ऐकलं नसेल. जुनी घरं त्याच कडेने आहेत का बघा.

रातांबा
ठिपक्याचा आकार कशावर ठेवलाय? बरेच जण खोलीवर ठेवतात. साइझच्या शेजारच्या छोट्या बटणातून असिस्टंट उघडतो, तिथे स्तंभ दिला की आकार आपोआप. पण खोल विहिरीला मोठं वर्तुळ दिलं तर बघणाऱ्याला वाटतं इथे पाणी भरपूर. उलट खोल विहीर म्हणजे दोर लांब आणि खांदे दुखणारे. मी असतो तर किती घरं तिच्यावर भरतात त्यावर आकार ठेवला असता.

आणि असिस्टंटमध्ये 'रेडियस' ठेवू नका. चाळीस घरांचं वर्तुळ वीस घरांच्या दुप्पट त्रिज्येचं झालं तर क्षेत्रफळ चौपट होतं, डोळा क्षेत्रफळ बघतो. 'सरफेस' किंवा 'फ्लॅनरी' घ्या. फ्लॅनरीत मोठी वर्तुळं अजून जरा वाढवतात, कारण माणूस मोठं वर्तुळ आहे त्यापेक्षा लहान समजतो.

भरती_ओहोटी
खाडीकाठचं काय? आमच्याकडे विहीर आटत नाही, मचूळ होते. पाणी काठोकाठ, पण एप्रिलनंतर चहा नासतो. 'आटत नाही' म्हणून गडद निळी दाखवलीत तर पाहुणा कळशी घेऊन येईल.

सुरंगी
भरती_ओहोटी, म्हणूनच रंग एका गोष्टीला, आकृती दुसरीला. रंग: कधीपर्यंत टिकते. आकृती: गोड असेल तर गोल, मचूळ असेल तर चौकोन. चौकोन झेरॉक्समध्येही चौकोनच राहतो.

खाजणकर
वेगळा सूर लावतो, राग नसावा. हा नकाशा फक्त ग्रामसभेच्या भिंतीवर राहणार की इंटरनेटवर टाकणार? बारमाही पाण्याच्या जागा नेमक्या ठिपक्यासकट जगजाहीर झाल्या की पहिला फोन जमिनीच्या एजंटाचा येतो. आमच्या शेजारच्या गावात झऱ्याच्या वरची जमीन अशीच गेली. आता झऱ्याला कुंपण आहे.

जीआयएसवाला
माहिती खुली असावी या मताचा मी आहे. विहिरी आणि झरे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर टाकता येतात, त्यासाठी खास टॅग आहेत, हंगामी आहे का तेही नोंदवता येतं. वणव्याच्या वेळी, टँकरच्या नियोजनाला उपयोगच होईल.

खाजणकर
सार्वजनिक पाणवठे टाका, ना कोण म्हणतं. कुणाच्या परसातली विहीर त्याला न विचारता नको.

आगोटी
खाजणकरांशी सहमत. माझ्या आत्याने सर्व्हेला आलेल्या मुलांना "आमची आटते" म्हणून सांगितलं होतं. आटत नाही ती. उन्हाळ्यात सगळा गाव दारात नको म्हणून.

शेवंड
म्हणजे डेटा पण आटलो!

वाशिष्ठी
वाडीनुसार रंगवायचा पर्यायही आहे, एकेक विहीर न दाखवता. पण वाड्यांच्या सीमा अधिकृत कुठे मिळत नाहीत, जनगणना महसुली गावापाशी थांबते. आणि गावाची सरासरी काढली तर सड्यावरची कोरडी वाडी आणि पऱ्याकाठची ओली वाडी मिळून मधलाच एक रंग तयार होतो, जो गावात कुठेच नाही.

अशा भागांच्या रंगाचं अजून एक उदाहरण. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, सिंधुदुर्गात १०३६, मुंबई शहरात ८३२. राज्याच्या नकाशात रत्नागिरी सगळ्यात गडद, आणि खाली कोणीतरी लिहितं "स्त्रियांची स्थिती उत्तम". अहो, पुरुष मुंबईला गेलेत! एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत ती. रंगाने ११२२ बरोबर दाखवलं, गडद म्हणजे चांगलं हे नकाशा करणाऱ्याने ठरवलं.

मुंबईचा_चाकरमानी
हे मात्र समजलं. त्या ८३२ च्या गर्दीत मी आहे.

पाणंद
सगळं वाचून रविवारी बसलो. काय केलं ते सांगतो.

'आटते' स्तंभ सडेकरांनी सांगितल्याप्रमाणे ऑक्टोबरपासूनच्या आकड्यांत आणला, लोकांचे मूळ शब्द शेजारच्या स्तंभात तसेच ठेवले. त्यावर ग्रॅज्युएटेड लावलं तर पंधरा-वीस ठिपके दिसेचनात. शोधल्यावर कळलं, ज्यांची नोंद कोरी आहे ते ग्रॅज्युएटेड काढतच नाही. बहुतेक सगळे एकाच वाडीतले, तिथे पुतण्या कुत्र्यांमुळे गेलाच नव्हता. नकाशावर ती वाडी बिनपाण्याची दिसत होती.

म्हणून रूल-बेस्डवर आलो. नियम असे: शिमग्याआधी आटते, शिमगा ते अक्षय तृतीया, मे अखेरपर्यंत ओढते, बारमाही. पाचवा नियम नोंद कोरी असेल तर पोकळ वर्तुळ, आत काही नाही. सीमा जेंक्सला न विचारता गावातल्या बायकांना विचारल्या. त्यांचं म्हणणं, शिमग्याला मुंबईकर येतात तेव्हा पहिली ओढ लागते आणि मेमध्ये दुसरी. मधले दिवस कसेही निघतात.

रंग एकाच निळ्याच्या चार छटा, मचूळ चौकोनी, आकार घरांच्या संख्येवर. खाजगी विहिरी भिंतीवरच्या नकाशात आहेत, इंटरनेटच्या प्रतीत नाहीत. तिथे फक्त सार्वजनिक.

जीआयएसवाला
शिमग्याची सीमा पटली. जेंक्स मागे घेतो, या नकाशापुरता.

सडेकर
'या नकाशापुरता' :)

टोपोशीट४७जी
आत्याबाईंची विहीर 'आटते'तच ठेवा.

रातांबा
पोकळ वर्तुळ छान. सूचीतही त्याच्यापुढे "माहिती नाही" असं स्पष्ट लिहा, नाहीतर लोक "पाणी नाही" वाचतील.

उंडी
बाळबोध प्रश्न. वनराई बंधारा (ओढ्यावर माती भरलेल्या पोत्यांचा कच्चा बांध) घातल्यावर खालच्या विहिरी जास्त टिकतात असं म्हणतात. दोन वर्षांचे नकाशे शेजारी लावून ते दिसेल का?

सडेकर
दिसू शकेल, पण पाऊसही दरवर्षी सारखा नसतो. बंधाऱ्याच्या खालच्या विहिरी आणि शेजारच्या पऱ्याच्या, जिथे बंधारा नाही तिथल्या, दोन्ही बघा. खालच्याच सुधारल्या असतील तर बंधाऱ्याला श्रेय द्या. आणि 'कधी आटते' हे ऐकीव झालं. महिन्यातून एकदा दोराला वजन बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, दर वेळी कठड्याच्या त्याच दगडावरून. सकाळी उपसा सुरू व्हायच्या आत.

पाणंद
ऑक्टोबरपासून सुरू करतो. दगडावर ऑइलपेंटची खूण करून ठेवीन. हेच रंग पुढच्या वर्षीच्या तक्त्याला आयते कसे लावायचे? पुन्हा सगळे नियम लिहायचे का?

रातांबा
नाही. सिम्बॉलॉजीच्या खाली स्टाइल बटण आहे, त्यात सेव्ह स्टाइल. क्यूएमएल फाइल तयार होते, पुढच्या वर्षीच्या लेयरवर लोड करा. जिओपॅकेजमध्येच डीफॉल्ट म्हणून ठेवलीत तर पुतण्याच्या मशीनवर उघडतानाच रंग येतील. स्तंभाची नावं मात्र अक्षरशः तीच ठेवायची. 'आटते'चं 'आटतं' केलं की नियम लागू होणार नाहीत.